जेजुरीचा भंडारा फोटोत नुसता पिवळा डाग होतोय, एडिटिंगमध्ये कसा सावरू?

वाटसरू_पुरंदर:
नमस्कार मंडळी. दोन-अडीच वर्षं फोटो काढतोय, नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी जमेल तसं. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा साधा डीएसएलआर आणि सोबत आलेली किट लेन्स. मागच्या सोमवती अमावास्येला जेजुरीला गेलो होतो. पालखी गडावरून कऱ्हेच्या स्नानाला निघते तेव्हा पायऱ्यांवर आणि दीपमाळांजवळ भंडाऱ्याची काय उधळण होते ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको, माणूस माणसाला दिसत नाही, श्वास घेतला तरी हळद आत जाते आणि येळकोट येळकोट जय मल्हारच्या गजरात अंगावर काटा येतो. कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी बांधून ६४० फोटो काढले, रॉ (सेन्सरने टिपलेली कच्ची फाइल) आणि जेपेग दोन्ही.

घरी येऊन लॅपटॉपवर बघितले आणि जीव खट्टू झाला. एक म्हणजे भंडारा कुठेही पावडर वाटत नाही, नुसता पोस्टर कलरचा पट्टा मारल्यासारखा सपाट पिवळा. दुसरं, पाठोपाठ काढलेल्या दोन फोटोंत रंग वेगळे, एकात सगळं सोनेरी तर लगेच पुढच्यात लोकांचे चेहरे राखाडी-निळसर, आजारी माणसासारखे. तिसरं, त्यातल्या त्यात बरा फोटो लॅबला दिला तर प्रिंट इतकी काळपट आली की विचारू नका.

मी काय केलं तेही सांगतो. ऑटोचं बटण दाबलं, मग सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) ३० ने वाढवलं, क्लॅरिटी ४०, व्हायब्रन्स थोडं. जेवढं करतोय तेवढं बिघडतंय.

एका फोटोसाठी जीव तुटतोय. पायरीला टेकून बसलेले एक आजोबा, लाल फेटा, कपाळभर मळवट, पांढऱ्या मिशा भंडाऱ्याने पिवळ्या झालेल्या आणि डोळे मिटलेले. त्यांचा पत्ता लिहून घेतलाय, फोटो आणून देईन असा शब्द दिलाय. तो फोटो तरी नीट व्हायला हवा. कुणीतरी हात धरून शिकवा.

सह्यकडा:
आधी एक काम करा, ६४० च्या ६४० मूळ फाइल्सची कॉपी दुसऱ्या हार्डडिस्कवर टाका आणि मगच प्रयोग करा. माझ्या हरिश्चंद्रगडाच्या फाइल्स एकाच डिस्कवर होत्या, ती बंद पडली आणि सगळं गेलं. तुमच्याकडे रॉ आहे म्हणजे अजून काहीही बिघडलेलं नाही.

कृष्णधवल:
वाटसरू, रॉ ठेवलंत हे फार चांगलं केलंत. फोटो लाल, हिरवा, निळा अशा तीन थरांत साठवलेला असतो, त्या थराला चॅनेल म्हणतात. जेपेगमध्ये प्रत्येक चॅनेलला ८ बिट, म्हणजे ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या असतात. १४ बिटच्या रॉमध्ये त्याच १६३८४ होतात, १२ बिट असेल तरी ४०९६. जेपेगला ओढाताण केली की पायऱ्यांमधल्या फटी दिसायला लागतात, आकाशात पट्टे उमटतात ते त्यामुळेच. म्हणून जेपेग बाजूला ठेवा, रॉवरच काम करू.

आता भंडाऱ्याचं. पिवळा म्हणजे लाल अधिक हिरवा, आणि निळा जवळजवळ नाहीच. हळद हा अतिशय गडद पिवळा आहे. उन्हात ती उधळली की लाल चॅनेल २५५ ला जाऊन डोकं आपटतो आणि निळा शून्याला जाऊन बसतो. दोन्ही टोकांना जाऊन अडकल्यावर कणाकणातला फरक दाखवायला शिल्लक राहतो एकटा हिरवा. पावडरीचा पोत, तिच्यातली सावली, उडणारा कण हे सगळं चॅनेलमधल्या चढउतारात असतं, आणि तुमच्या फोटोत तीनपैकी दोन चॅनेल सपाट पडलेत. त्यात तुम्ही सॅच्युरेशन वाढवलंत म्हणजे लाल अजून वर ढकललात आणि निळा अजून खाली. बिघडत गेलं ते त्यामुळे.

माझं ऐकाल तर आज फक्त एक करा. ज्या सॉफ्टवेअरमध्ये आहात तिथे भंडाऱ्याच्या सगळ्यात भगभगीत जागेवर माउस न्या आणि आर-जी-बीचे (लाल, हिरवा, निळा) आकडे बघा, इथे लिहा. कुठलाही स्लायडर हलवू नका.

वाटसरू_पुरंदर:
बघितले. जेपेगमध्ये आजोबांच्या खांद्यावरच्या भंडाऱ्यावर आर २५५, जी २१२, बी ०. थोडं बाजूला नेलं तरी आर २५५ आणि बी ० तसेच, फक्त मधला आकडा बदलतोय. रॉमध्ये काही न करता आर २५३, बी ६.
पण एक कळेना. कॅमेऱ्यात मी हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख, डावीकडे काळोख, उजवीकडे भगभगीत) बघत होतो, उजवीकडे टेकलेला नव्हता, म्हटलं सगळं ठीक आहे.

कृष्णधवल:
हा प्रश्न विचारलात ते बरं झालं, कारण यात बरेच जण फसतात. कॅमेऱ्यात नेहमी जो पांढरा एकच डोंगर दिसतो तो उजेडाचा हिस्टोग्राम, तिन्ही रंगांची गोळाबेरीज. त्यात हिरव्याचा वाटा सगळ्यात मोठा, साधारण ६० ते ७० टक्के, लालचा २० ते ३० आणि निळ्याचा तर १० च्या आसपास. म्हणजे लाल पूर्ण जळाला तरी गोळाबेरजेत तो नीट कळतही नाही. मेनूत आरजीबी हिस्टोग्राम निवडता येतो, तीन वेगळे डोंगर दिसतात. भंडारा, गुलाल, पळस, झेंडूचे हार, लाल शालू असलं काही समोर असेल तेव्हा तोच लावायचा.

दुसरं, रॉ काढत असलात तरी मागच्या स्क्रीनवरचा हिस्टोग्राम आतल्या जेपेगवरूनच बनतो. तुमची पिक्चर स्टाइल जर लँडस्केप किंवा व्हिव्हिड असेल तर कॅमेरा स्वतःच रंग चढवून दाखवतो. न्यूट्रल ठेवा. स्क्रीनवर फोटो मिळमिळीत दिसेल पण आकडे खऱ्याच्या जवळ असतील.

आता दुरुस्ती, माझी पद्धत सांगतो. प्रोफाइल न्यूट्रल करा. एक्स्पोजर (फोटोचा एकूण उजेड) अर्धा ते पाऊण स्टॉप खाली आणा, एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा, आणि चेहरे काळे पडले तर शॅडोज थोड्या उचला. मग रंगांच्या पॅनेलमध्ये जाऊन फक्त पिवळ्याचं सॅच्युरेशन १० ते २० कमी करा आणि पिवळ्याचं ल्युमिनन्सही (उजळपणा) थोडं खाली. तुम्हाला वाटेल पिवळा कमी केला तर भंडारा फिका पडेल, पण तसं होत नाही. निळा शून्यावरून वर सरकतो, त्याला चढउतार मिळतात आणि अचानक पावडर दिसायला लागते. सारखे आकडे बघत राहा, लाल २४५ च्या खाली आणि निळा २५-३० च्या वर आला की थांबा.

सह्यकडा:
हे मी कास पठारावर तेरड्याच्या आणि सोनकीच्या फुलांना करून बघितलं होतं, तिथेही हेच. सोनकीचा अख्खा पठारभर पिवळा सडा, आणि फोटोत पाकळीला पाकळी ओळखू येत नव्हती.

गोंयकार_मळो:
आमच्या गोव्यात शिगम्याला गुलालाचं असंच होतं, पण तिथे एकटा लालच जळतो आणि गुलाल उडवणाऱ्याचं अर्धं तोंडच गायब होतं. माझ्याकडे कॅमेरा नाही, मोबाइलच आहे. मोबाइलवाल्यांनी काय करायचं?

कृष्णधवल:
मोबाइलमध्ये प्रो मोड असेल तर त्यात बहुतेकदा रॉ मिळतो, डीएनजी नावाची फाइल. ती स्नॅपसीडमध्ये उघडते, ते फुकट आहे. प्रो मोड नसेल तर फोटो काढतानाच स्क्रीनवर गुलालावर बोट ठेवून उजेड खाली ओढायचा. काळोखातलं थोडंफार परत आणता येतं, जळालेलं आणता येत नाही. आणि मोबाइलची ओलेड स्क्रीन रंग बऱ्याचदा भडक दाखवते, तिच्यावर भरवसा ठेवून सॅच्युरेशन ठरवू नका.

मांडवशेजारी:
चर्चा वाचून राहवलं नाही. मी नाशिकला असते, शाळेत शिकवते आणि ओळखीच्यांच्या लग्नात फोटो काढते. हळदीच्या कार्यक्रमात मला हाच त्रास व्हायचा, पण माझं कारण वेगळं निघालं म्हणून लिहिते.

लग्नाच्या फोटोत नवरीला गोरी करा असं घरचे सांगतातच. अमुक छटा उजळ करा, चेहरा गुळगुळीत करा. सुरुवातीला मीही करायचे. आपल्या कातडीचा रंग एडिटिंगच्या भाषेत नारिंगीत येतो, म्हणून सगळे नारिंगीचं ल्युमिनन्स वर ढकलतात. आणि हळद पिवळ्या-नारिंगीच्या मध्ये बसते. म्हणजे नवरी गोरी करायला गेलात की तिच्या गालावरची हळद पुसली जाते. हळदीच्या फोटोतून हळदच गेली! एका मुलीने मला नंतर सांगितलं, ताई, या फोटोतली मी नाहीच, माझ्या आईलाही मी ओळखू येत नाही. तो फोटो मी परत मुळातून केला. तेव्हापासून कुणी गोरं करा म्हटलं तर मी सरळ नाही म्हणते, काम गेलं तरी चालेल. सावळ्या चेहऱ्यावर हळदीचा जो तेजाळ रंग दिसतो तो गोऱ्यावर कधी दिसत नाही, हे मी छातीठोकपणे सांगते.

तर वाटसरूदादा, आजोबांच्या चेहऱ्याला ऑटोचं आणि स्मूथचं काहीही लावू नका. सुरकुत्यांत भंडारा साचलेला असेल, तोच तर फोटो आहे.

वाटसरू_पुरंदर:
ताई, अगदी बरोबर, डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्यांत भंडारा बारीक रेघांसारखा बसलाय, आणि ऑटोने चेहरा उजळल्यावर त्या रेघाच गेल्या होत्या. काढून टाकलं ते.

निळसर चेहऱ्यांचं काय करू? आयड्रॉपर (पांढरी जागा दाखवून रंग जुळवायचं हत्यार) घेऊन एका माणसाच्या पांढऱ्या धोतरावर क्लिक केलं तर आख्खी जेजुरी निळी झाली.

कृष्णधवल:
होणारच, कारण ते धोतर पांढरं राहिलेलंच नाही, त्यावर हळद आहे. तुम्ही सॉफ्टवेअरला सांगितलंत की हे पांढरं समज, मग त्याने पिवळा मारायला निळा ओतला. कॅमेऱ्याच्या ऑटो व्हाइट बॅलन्सनेही (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेरा स्वतः रंग जुळवतो ते) हेच केलं. फ्रेममध्ये पिवळा जास्त आला की त्याला वाटतं बल्बचा उजेड आहे, आणि तो थंड करायला बघतो. म्हणून एका फ्रेममध्ये सोनेरी आणि पुढच्या फ्रेममध्ये भंडारा जास्त आल्याबरोबर राखाडी. जेजुरीत दगडही पिवळा असतो, त्यामुळे करडा म्हणून क्लिक करायला जागाच सापडत नाही. उन्हातले सगळे फोटो निवडून उजेडाच्या रंगाचा एकच आकडा द्या, ५२०० ते ५५०० केल्विन, आणि सगळ्यांना तोच सिंक करा. सावलीतल्यांचा गट वेगळा.

आणि एक लक्षात घ्या. हवेत आणि पायऱ्यांवर इतका भंडारा असतो की त्याचा उजेड परावर्तित होऊन हनुवटीखाली, नाकाखाली खरोखरच पिवळा पडतो. तो रंग तिथे होता. तो काढू नका.

जुना_स्टुडिओ:
मुलांनो, छान चाललंय. कोल्हापुरात आमचा स्टुडिओ होता, १९७६ पासून डार्करूममध्ये उभा राहिलो. हायपोचा (प्रिंट पक्की करायचं रसायन) वास बोटांचा कधी गेला नाही.

तुम्ही ज्याला एडिटिंग म्हणता ते आम्हीही करायचो. एन्लार्जरखाली (निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडायचं यंत्र) कागद ठेवला की तारेच्या टोकाला पुठ्ठ्याची चकती लावून चेहऱ्यावर धरायची आणि हलवत राहायचं, म्हणजे तिथे उजेड कमी पडून चेहरा उजळ येतो. ते डॉजिंग. पुठ्ठ्याला भोक पाडून आकाशावर जास्त उजेड द्यायचा, ते बर्निंग. हात एका जागी थांबला की कड उमटली आणि कागद वाया. निगेटिव्हवर पेन्सिलीने टचिंग करणारे कारागीर असायचे, त्यांच्या पेन्सिलीचं टोक सुईसारखं घासलेलं असायचं. आता तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच नावाची हत्यारं आहेत. फक्त मुलं काय करतात, ब्रश १०० टक्क्यांवर ठेवून एकदाच फिरवतात. तो १० टक्के फ्लोवर (एका फेऱ्यात पडणारा जोर) ठेवा आणि चार वेळा फिरवा, आमच्या हलत्या हातासारखा.

वाटसरू, तुमची प्रिंट काळपट आली त्यात लॅबची चूक असेलच असं नाही. लॅपटॉपची स्क्रीन पूर्ण उजेडावर ठेवून रात्री काम करत असाल. अशा स्क्रीनवर फोटो बरा दिसेपर्यंत तुम्ही त्याला नकळत अंधारा करत जाता. कागदाला स्वतःचा उजेड नसतो. स्क्रीनचा उजेड निम्म्यावर आणा, शेजारी कोरा पांढरा कागद खोलीच्या उजेडात धरा आणि स्क्रीनवरचा पांढरा साधारण त्याच्याएवढाच दिसेल असं करा. मोजायचं यंत्र विकत मिळतं पण सुरुवातीला कागद पुरतो.

आम्ही मोठी प्रिंट कधी थेट काढली नाही. आधी कागदाची पट्टी, तिच्यावर २ सेकंद, ४ सेकंद, ६ सेकंद असं पायरीपायरीने एक्स्पोजर द्यायचं आणि धुऊन बघायचं. तुम्हीही तेच करा. त्याच फोटोच्या ४ बाय ६ च्या तीन प्रती द्या, एक आहे तशी, एक अर्धा स्टॉप उजळ, एक पाऊण स्टॉप. लॅबला सांगा, तुमचं ऑटो करेक्शन बंद ठेवा. दिवसाच्या उजेडात खिडकीशी धरून बघा आणि मग मोठी काढा.

वाटसरू_पुरंदर:
काका, नमस्कार. हे पट्टीचं डोक्यात आलंच नव्हतं. स्क्रीन खरंच पूर्ण उजेडावर होती.

अजून एक अडचण. ज्याच्यात काम करतोय ते ट्रायलवर आहे, आठवड्यात संपेल, आणि महिन्याला पैसे भरणं मला परवडणारं नाही. लॅपटॉप ८ जीबी रॅमचा.

मुक्तवाटा:
पैसे भरू नका आणि कुठून तरी फोडलेलं सॉफ्टवेअर पण घेऊ नका, त्यातून व्हायरस येऊन फोटोच जातात. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही दोन्ही फुकट आहेत, रॉ उघडतात, ८ जीबीवर चालतात, जरा सावकाश चालतात एवढंच. मी पाच वर्षं डार्कटेबलवर आहे. सुरुवातीला भीती वाटते कारण मॉड्यूल्स खूप आहेत, पण तुम्हाला पाच-सहाच लागतील. एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स आणि कलर कॅलिब्रेशन, सिग्मॉइड (उजेड-काळोखाचा तोल), रंगांचं इक्वलायझर आणि मास्क (बदल फोटोच्या ठरावीक भागापुरताच ठेवायचा). ज्याला इथे सगळे चॅनेल म्हणतायत ते बघायला कलर पिकर आहेच.
गिम्प घेतलंत तर ते एकटं रॉ उघडत नाही, डार्कटेबल किंवा रॉथेरपीमधून १६ बिट टिफ काढून गिम्पमध्ये न्यायची. वारंवार जेपेग सेव्ह करून परत उघडून परत सेव्ह असं करू नका, दर वेळी थोडी क्वालिटी झडते, जेपेग फोटोला ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकोनांत कापून दाबतं त्यामुळे कडांभोवती कचरा दिसायला लागतो. जेपेग अगदी शेवटी, एकदाच. आणि काढताना एसआरजीबी (सगळीकडे चालणारी रंगांची साधी प्रोफाइल) निवडा. अ‍ॅडोबी आरजीबीत काढून लॅबला किंवा व्हॉट्सअ‍ॅपला दिलात आणि समोरच्या प्रोग्रॅमने प्रोफाइल वाचलं नाही की भंडारा मेल्यासारखा दिसतो.

दूरदेशी:
थोडं अवांतर पण याच्याशीच जोडलेलं. मी न्यू जर्सीत राहते. आईबाबांच्या लग्नाचे १९८२ चे रंगीत फोटो स्कॅन केलेत, सगळे लालसर तांबूस झालेत, आईची हिरवी पैठणी चॉकलेटी दिसते. यालाही चॅनेलचं गणित लागू पडतं का?

जुना_स्टुडिओ:
लागू पडतं ताई. त्या काळच्या रंगीत कागदावर तीन रंगद्रव्यं असायची, त्यातलं निळसर-हिरवं आधी उडतं, मग मागे लाल उरतो. लेव्हल्स उघडा आणि एकदम न करता लाल, हिरवा, निळा असा एकेक चॅनेल घ्या. प्रत्येकात डोंगर जिथे सुरू होतो आणि संपतो तिथे दोन्ही टोकांचे त्रिकोण आणून ठेवा. निम्मं काम तेवढ्यातच होईल. मूळ स्कॅन १६ बिटमध्ये करा. आणि कागदावरचे फोटो उन्हापासून लांब ठेवा, स्कॅन झालं म्हणून टाकू नका.

दूरदेशी:
काका, केलं. पैठणीचा हिरवा आला. पदरावरचा मोरही दिसायला लागला, तो मी लहानपणापासून फोटोत कधी पाहिलाच नव्हता, आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला तर ती बराच वेळ काही बोललीच नाही.

वेगवान:
वाटसरू, तुम्ही एवढी मेहनत करताय त्यापेक्षा हल्ली जनरेटिव्ह फिल आहे ना, एआय स्वतःच फोटोत हवं ते भरतं. आजोबांच्या मागे कुणाचातरी हात आणि त्यात मोबाइल दिसत असेल तर उडवा, आणि हवेत अजून भंडारा उधळलेला टाका, दहा सेकंदांत होतं. फोटो जबरदस्त दिसेल.

वाटसरू_पुरंदर:
मागे खरंच एक मोबाइल धरलेला हात आहे आणि पाण्याची बाटली पण आहे. मला मोह होतोय. काय करावं?

कृष्णधवल:
माझं स्पष्ट मत सांगतो. घरात लावायला स्वतःच्या मुलाच्या वाढदिवसाच्या फोटोतली बाटली उडवलीत तर मला काही म्हणायचं नाही. पण हा जेजुरीच्या यात्रेचा फोटो आहे, उद्या कुणी तो बघून म्हणेल सोमवतीला असं दिसतं. जो भंडारा उधळलाच नव्हता तो हवेत टाकला तर तुम्ही ते खोटं सांगितलंत. २०१५ च्या वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत शेवटून दुसऱ्या फेरीत पोचलेल्या फोटोंपैकी २० टक्के बाद झाले होते, मूळ फाइलशी ताडून बघितल्यावर फोटोतला मजकूरच बदलेल असं एडिटिंग सापडलं म्हणून. मोठमोठ्या लोकांची कष्टाची कामं गेली. आपल्याकडच्या सलॉन (फोटो-प्रदर्शनाच्या) स्पर्धांतही नेचर विभागात क्रॉप चालतो, पण काही काढणं, घालणं, हलवणं चालत नाही, आणि आयोजक मूळ फाइल मागू शकतात.
उजेड, रंग, कॉन्ट्रास्ट, क्रॉप, सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके पुसणं हे करा. माणसं आणि वस्तू जिथे होत्या तिथे राहू द्या.

मांडवशेजारी:
हात मागे असेल तर त्यावर हलकंसं बर्न करा, काकांनी सांगितलं तसं. नजर तिकडे जाणार नाही आणि हात तिथेच राहील.

वेगवान:
मान्य. मी स्पर्धेच्या आणि बातमीच्या बाजूने विचार केला नव्हता, मी लग्नाच्या अल्बमच्या हिशोबाने बोललो.

सह्यकडा:
धुळीच्या ठिपक्यांवरून आठवलं, वाटसरू, लेन्सवर भंडारा असेल तर कोरड्या फडक्याने पुसू नका, कण घासले जातात. आधी रबरी ब्लोअर, मग मऊ ब्रश, मग गरज लागली तर लिक्विड. आणि एफ १६ ला कोऱ्या आकाशाचा एक फोटो काढून बघा, सेन्सरवर काही बसलंय का ते लगेच कळेल.

वाटसरू_पुरंदर:
मंडळी, दहा दिवसांनी येतोय. डार्कटेबल शिकलो, रोज रात्री एक तास, स्क्रीन निम्म्या उजेडावर. आजोबांचा फोटो सहा वेळा मुळातून केला. शेवटचे आकडे खांद्यावर आर २४१, जी १८८, बी ३६. तुम्ही म्हणालात तसंच झालं, पिवळा कमी केल्यावर खांद्यावर भंडाऱ्याचे छोटे ढीग दिसायला लागले, एका ढिगात बोटाचा ठसा आहे! मिशीचा एकेक केस वेगळा, टोकाला पिवळा आणि मुळाशी पांढरा. मागचा हात १० टक्के ब्रशने पाच वेळा फिरवून मागे ढकलला, आहे तिथेच आहे.

काकांच्या सांगण्यावरून ४ बाय ६ च्या तीन प्रती काढल्या, अर्धा स्टॉप उजळ होती तीच बरोबर निघाली. मग ८ बाय १२ काढली. दुकानदार ८ बाय १० घ्या म्हणत होता पण त्या मापात दोन्ही कडा कापल्या जात होत्या आणि आजोबांची काठी गेली असती.

काल त्यांच्या गावी जाऊन आलो. आजोबा ओट्यावर बसले होते. फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला, सुनेला बोलावलं. मग म्हणाले, "भंडारा अगदी बरोबर आलाय पोरा, पण माझा फेटा लाल व्हता. ह्यो कसला, इटकरी दिसतोय." आणि आतून फेटाच आणून दाखवला. खरंच चांगला रक्तासारखा लाल आहे. माझ्या फोटोत विटकरी झालाय आणि मला इतक्या रात्रींत ते दिसलंच नाही, मी सारखा भंडाऱ्याकडेच बघत बसलो होतो. आता हे कशामुळे झालं?

कृष्णधवल:
पिवळ्याबरोबर नारिंगीचंही सॅच्युरेशन खाली घेतलं होतंत का? रंगांचे स्लायडर एकमेकांत शिरतात, नारिंगीचा एक पाय लालमध्ये असतो. त्यात एक्स्पोजर कमी केलंत, आणि लाल अंधारला आणि फिका पडला की विटकरी होतो. फेट्याभोवती हाताने मास्क काढा आणि नारिंगीचा बदल त्या मास्कमधून वगळा. फेट्यावर पाव स्टॉप उजेड द्या. फेट्याच्या घड्यांत जो भंडारा साचलाय तो मास्कमध्ये येऊ देऊ नका, कड १०-१५ पिक्सेल मऊ ठेवा.

जुना_स्टुडिओ:
आणि फेट्याचा एक फोटो मोबाइलवर दिवसाच्या उजेडात काढून ठेवला असतात तर शेजारी ठेवून जुळवता आलं असतं.

वाटसरू_पुरंदर:
नारिंगी १८ ने खाली होतं, तेच. काका, आजोबांनी फेट्याची एक चिंधी कात्रीने कापून दिली आहे, पाकिटात घालून आणली. ती स्क्रीनशेजारी ठेवून आज रात्री बसतो. रविवारी दुसरी प्रिंट घेऊन परत जायचंय, त्यांनी जेवायला बोलावलंय.